थोरलं भावंड

मृत्युपत्र करायला मी दोन्ही मुलांना वकिलांकडे सोबत नेलं आणि सांगितलं, "नाशिकच्या घराचे तीन वाटे करा. मुलाला एक, मुलीला एक, तिसरा आमच्या सायखेड्याच्या गावनिधीला." गावानं वर्गणीतून उभारलेल्या त्या निधीनंच मला कॉलेजात शिकवलं, घराण्यातली पहिली पदवीधर मीच. पण मुलं हे मानतील का, याची धाकधूक होती.

मुलगा म्हणाला, "आई, हे तिसरं भावंड कधी झालं गं?"

"तुमच्याआधी. त्यानं शिकवलं, म्हणून हे घर झालं."

"मग थोरल्याचं नाव सगळ्यात वर लिहा, साहेब," मुलगी वकिलांना म्हणाली. त्यांनी तसंच लिहिलं.

"म्हणजे आता मी मधला!" म्हणत मुलानंच मला पेन दिलं.

मी ठसठशीत सही केली, नावापुढं बी.ए. लावून.