लाल रेघ

आमच्या घाटकोपरच्या हॉस्पिटलात बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालायला शिकवतात, ती खोली मावशींच्या ताब्यात आहे. सराव रबरी पुतळ्यावर चालतो. जीभ उचलायच्या पात्याला सेन्सर आहे. पात्याचा वरच्या दातांवर जोर पडला की पडद्यावरची रेघ लाल होते. नवा डॉक्टर हमखास मनगट वळवून दातांवरच रेटतो. मावशी ओरडतात, "बाटलीचं बूच काढतोयस काय रे? हात सरळ वर उचल!" मग त्या पुतळ्याचे ओठ पुसतात आणि रेघेचा कागद छापून नावासकट कपाटाच्या दारावर चिकटवतात. माझाही आहे तिथे, लालभडक.

परवा पाहुण्यांसमोर विभागप्रमुखांनी स्वतः नळी घातली. झटक्यात गेली. रेघ मात्र लाल.

"सेन्सर बिघडलाय," सर हसले.

"सकाळीच तपासलाय," म्हणत मावशींनी कागद चिकटवला. सरांनी तो उपटून चुरगाळला. आम्ही सगळे शेपूट घालून उभे, मीसुद्धा. मावशींनी शांतपणे दुसरा छापला.

"मावशी, काय करताय कळतंय का?"

त्यांनी पुतळ्याच्या कपाळावर हात ठेवला. "पेशंट बेशुद्ध असतो, सर. त्याचा दात हलला तर तो कुणाला सांगणार? हा सांगतोय, तर सांगू दे ना."

आमच्या कागदांना वरून एकच चिकटपट्टी असते. सरांच्या कागदाला त्यांनी चारी बाजूंनी लावली.