लीलाताईंचा रीडबॅक

लीलाताई भालेराव उभ्या जन्मात कधी विमानात बसल्या नव्हत्या. झाशीत प्रवासी विमान उतरत नाही, आणि दिल्लीला जायचं तर गाडी होतीच. तरीही न्यूयॉर्कच्या टॉवरमधला माणूस कधी चिडतो, कोरियाचा वैमानिक कोणती अक्षरं गिळतो आणि स्कॉटलंडची ती बाई आकडे किती घाईने फेकते, हे अख्ख्या सीपरी बाजारात त्यांच्याइतकं कोणालाही ठाऊक नव्हतं.

हे वेड लावलं भाच्याने. नचिकेत हा त्यांच्या धाकट्या भावाचा, सुबोधचा मुलगा. त्याला टॉवरमध्ये बसून विमानांना वाट दाखवणारा नियंत्रक व्हायचं होतं. लेखी परीक्षा त्याने मारली, पण इंग्रजी ऐकण्याच्या चाचणीत साहेब सपशेल आपटले. कोणीतरी सांगितलं, विमानांचे व्हिडिओ बघ, वैमानिक आणि टॉवर यांचं बोलणं ऐक. घरी टीव्हीचा दंगा, म्हणून तो मोबाइल घेऊन आत्याकडे आला. एकच वाक्य चारदा ऐकून त्याला कळेना. लीलाताई तूर निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि वाण्याच्या बिलाच्या पाठीवर ते वाक्य उतरवून दिलं.

"आत्या! तुला हे कसं समझलं?"

"एकतीस वर्षं दुसरं काय केलं रे मी?"

खरंच होतं. सरकारी कारखान्याच्या कचेरीत त्या स्टेनो होत्या. मद्रासकडचे साहेब आले, बंगाली आले, पंजाबी आले. एक साहेब खिडकीकडे तोंड करून मजकूर सांगायचे, एक पंखा पूर्ण सोडून, एक तोंडात पान धरून. लीलाताईंनी सगळे झेलले. पत्राखाली सही साहेबांची असे. डावीकडे अगदी तळाला बारीक टाइपात दोन अक्षरं असत, एल आणि बी, कोणी टाइप केलं ते कळावं म्हणून. ती दोन अक्षरं कधी कोणी वाचली नाहीत. निवृत्तीच्या दिवशी शाल दिली, नारळ दिला, आणि भाषणात त्यांचं नाव लता सांगितलं.

मग दुपारी तीन ते पाच हा शिरस्ता पडला. मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवायचा. तीनदा ऐकायचं, मग लिहायचं. लीलाताई ऐकता ऐकता समासात शॉर्टहँड मारत आणि मग शेजारी स्वच्छ इंग्रजी उतरवत. नचिकेतने ते झाकून ऐकायचं आणि ताडून बघायचं. दोन वर्षांत अकरा वह्या भरल्या.

नचिकेतने त्यांना रीडबॅक शिकवला. टॉवरने सांगितलेलं वैमानिकाने जसंच्या तसं परत म्हणायचं. बरोबर असेल तर टॉवर म्हणणार, 'रीडबॅक करेक्ट'. चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, गप्प बसायचं नाही. लीलाताईंना ही पद्धत इतकी पटली की घरातही तीच सुरू झाली.

"येताना दही, पाव किलो, गुप्ताजींकडचं. गोड नको."

"दही, पाव किलो, गुप्ताजी, गोड नाही."

"रीडबॅक करेक्ट. पळ."

दुसऱ्या खेपेला नचिकेत पास झाला. पेढे घेऊन आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आत्या, देख लेना, जिथे कुठे मला पूछेंगे ना, सबसे पहले तुझं नाव घेणार. प्रॉमिस." लीलाताई हसण्यावारी नेल्यासारखं करून आत निघून गेल्या. पण त्यांना ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पेढ्यांचं त्यांना काही नव्हतं, लुगडंही नको होतं. चार माणसांत कोणीतरी एकदा त्यांचं नाव घ्यावं आणि ते बरोबर घ्यावं, एवढंच.

जाताना तो वह्या घेऊन गेला. बरोबरच्या पोरांना दाखवायला, म्हणाला.

वर्षभराने सुबोधचा फोन आला. "ताई, नचूची मुलाखत आलीय मोबाइलवर. दोन लाख लोकांनी बघितली म्हणे." तीन वाजले होते. लीलाताईंनी शेजारच्या दुर्गा भाभींना हाक मारली, साडी सारखी केली, जणू स्वतःच पडद्यावर दिसणार होत्या, आणि मोबाइल बरणीला टेकवला.

नचिकेत छान दिसत होता. पांढरा शर्ट घातलेला, जरा भरलेला. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, छोटे शहर से हो, अंग्रेज़ी सुनना किसने सिखाया?

"किसी ने नहीं, भैया," नचिकेत म्हणाला. "घर में किसी को अंग्रेज़ी आती ही नहीं थी. कान मैंने खुद तैयार किया, वीडियो देख-देखकर."

मग त्याने वही वर धरली. वेष्टनावर लीलाताईंनी लिहिलेलं स्वतःचं नाव होतं, तिथे आता पांढरा कागद डकवलेला होता. त्याने पान उघडलं. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, और ये किनारे पर लकीरें कैसी?

"ये मेरा अपना कोड है. मैंने ही बनाया."

दुर्गा भाभींनी पडद्याकडे बघितलं, लीलाताईंकडे बघितलं. "दीदी, जे तो आपकी लिखाई है?" त्या हळूच म्हणाल्या. लीलाताईंना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोरी करणारा तिकडे हसत होता आणि मान इकडे यांची खाली. भाभी बिचाऱ्या दूध गॅसवर आहे सांगून उठल्या.

लीलाताईंनी व्हिडिओ मागे नेला आणि त्या पानावर थांबवला. गाढवाला ठाऊकच नव्हतं की समासातलं सगळंच विमानांचं नव्हतं. शॉर्टहँड उच्चारावर चालतं, त्यात मराठीही लिहिता येतं, आणि लीलाताई मधूनमधून आपलं काहीबाही लिहून ठेवत. दोन लाख लोकांसमोर त्याने जो कोड मिरवला, तो त्यांनी सहज वाचला: 'आज नचूने माझ्या आधी पकडलं. आता हा मागे राहत नाही. देवा, पोराला यश दे.'

तेव्हा मात्र त्यांना रडू आलं. नाव पुसलं ते पुसलं. पण त्यांचा आशीर्वादही त्याने स्वतःचा म्हणून दाखवला होता.

तरी मन वेडं असतं. कदाचित आपलंच ऐकणं चुकलं असेल. वय झालं, पंखा चालू होता. त्यांनी पंखा बंद केला. तीनदा ऐकलं, मग लिहिलं. तिन्ही वेळा तेच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फोन लावला.

"अरे आत्या! मुलाखत बघितलीस? कशी झाली?"

"ऐकली. रीडबॅक देते, ऐक."

तो हसला. "अरे वा, दे ना."

लीलाताईंनी चष्मा लावला आणि कागदावरून वाचलं, साहेबांना मजकूर परत वाचून दाखवत तशा सरळ आवाजात. "किसी ने नहीं, भैया. घर में किसी को अंग्रेज़ी आती ही नहीं थी. कान मैंने खुद तैयार किया. ये मेरा अपना कोड है. मैंने ही बनाया."

"चुकलं असेल तर दुरुस्त कर, बाळा. माझा कान आता म्हातारा झालाय."

"आत्या, सुन ना... वो लोगों को ऐसी ही स्टोरी चाहिए होती है. अकेला लड़का, छोटा शहर. मुलाखतवाल्यांनीच सांगितलं असं बोलायला. तू घरचीच आहेस ना, तुझ्याशी काय फॉर्मॅलिटी?"

"ते मी विचारलं नाही. मी लिहिलंय ते बरोबर आहे का?"

लीलाताई थांबल्या. एकतीस वर्षं त्या साहेब लोकांच्या पुढच्या शब्दासाठी थांबल्या होत्या, पण असं जीव मुठीत धरून कधी थांबल्या नव्हत्या. त्याने एक शब्द बदलला असता तरी चाललं असतं.

"करेक्ट," नचिकेत म्हणाला.

लीलाताईंनी फोन ठेवला. कागदावर तारीख घातली, आणि डावीकडे अगदी तळाला, सवयीने, दोन बारीक अक्षरं लिहिली.