सुटे शहाऐंशी मीटर

कोरीटचे हेमकांत पाटील अठ्ठावीस वर्षं नंदुरबारच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. कापसाची गाडी काट्यावर आली की आकडा स्थिर होईपर्यंत ते कुणाशी बोलत नसत. मग सुटे किलो ‘कटती’ म्हणून सोडून देत आणि उरलेला आकडा लिहीत. बावीस क्विंटल सात किलो भरले तरी पावतीवर बावीसच. पहिल्या दिवशी त्यांना तसंच शिकवलं होतं आणि पुढे हात आपोआप तसाच चालायचा. बाकी मात्र त्यांचा हिशोब चोख असे. माणूसही सरळ, भिडस्त.

जिनिंगला लागूनच रेल्वेचा मालधक्का होता. तिथे खांडबाऱ्याच्या दानियल गावितांशी त्यांची ओळख झाली आणि ती तीस वर्षं टिकली. दानियल रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. आवाज मोठा, स्वभाव मोकळा, आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे तेच. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. दानियलचा मुलगा नोकरीसाठी सुरतेला गेला. जाताना त्याने घरी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर अवकाशयान उडवायचा एक खेळ होता. दोन म्हातारे त्या खेळाच्या नादी लागले ते लागलेच. खांडबाऱ्याला दानियल यान चालवत. कोरीटला हेमकांत वही उघडून फोनवरून आकडे सांगत.

हेमकांतचं काम चंद्रांचं. त्या खेळात ग्रहांभोवती बारा चंद्र आहेत. चंद्रावर हवा नसली की यान कितीही खालून फिरवता येतं. आडवे येतात ते फक्त डोंगर. जितकं खालून फिरावं तितकं उतरायला आणि पुन्हा वर यायला इंधन कमी लागतं. म्हणून आधी वरून एक छोटं यान फिरवून डोंगरांच्या उंच्या मोजायच्या. त्यातलं सर्वांत उंच शिखर धरायचं, त्यावर पाचशे मीटर मोकळे ठेवायचे आणि ती उंची तक्त्यात मांडायची. बाराही चंद्रांचा असा तक्ता हेमकांतनी शाईने लिहिला होता. दोघांचा एक नियमही होता: यान आपटलं तर आपटलं, खेळ मागे नेऊन ते परत आणायचं नाही.

मागच्या वर्षापासून दानियलचा उजवा हात थोडा कापायला लागला होता. गोळ्या चालू होत्या. "पेटीवर कापत नाही, चहाच्या कपावरच कापतो. नाटकी आहे साला," असं ते हसून सांगत.

दहा सप्टेंबरला, बुधवारी संध्याकाळी, त्यांचं सगळ्यात मोठं यान नवव्या चंद्राभोवती फिरत होतं. ते बांधायला आणि तिथवर न्यायला चार महिने लागले होते. आत तीन अंतराळवीर होते. इंधन कमी पडत होतं.

"हेमभाऊ, पाचशे परवडत नाही. शिखराच्या वर पन्नास ठेव. सांग, किती?"

हेमकांतनी तक्त्यात पाहिलं. शिखर सात हजार. "सात हजार पन्नास."

यानाने अकरा फेऱ्या सुखरूप मारल्या. खाली चंद्र हळूहळू वळत होता, दर फेरीला वाटेत नवे डोंगर येत होते. बाराव्या फेरीत दिशा जराशी सुधारायला दानियलनी कळ दाबली, आणि त्याच क्षणी पडद्यावर फक्त धूळ उरली.

"गेलं!" फोनवर दानियलचा आवाज आला. "कळ जास्त दाबली गेली, हेमभाऊ. हाताने घात केला."

फोन ठेवल्यावर हेमकांतनी मोजणीची कच्ची पानं काढली. पेन्सिलीत स्पष्ट लिहिलं होतं: सात हजार शहाऐंशी. तक्त्यात उतरवताना सुटे शहाऐंशी त्यांनी सोडून दिले होते. आजवर पाचशेच्या मोकळ्या जागेत ते झाकले जात होते. या वेळी यान शिखराच्या छत्तीस मीटर खालून आलं होतं. कुणाचाही हात कितीही स्थिर असता तरी ते आपटलंच असतं.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दानियलनी फोन उचलला नाही, आणि हेमकांतना मनातून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. खेळच तर होता, असं ते स्वतःला समजावत राहिले आणि पुन्हा फोन केला नाही.

ऑक्टोबरच्या तीन तारखेला दानियलच्या बायकोचा, रिबेकाबाईंचा, फोन आला.

"भाऊ, तुम्ही तरी सांगा यांना. तीन रविवार झाले, पेटीला हात लावत नाहीत. म्हणतात, ज्या हातानं तिघांना मारलं तो आता सुरावर काय पडणार. मी म्हटलं, अहो, खेळातली माणसं ती! ऐकतच नाहीत."

हेमकांतनी फोन ठेवला. त्यांची बायको मंगलाबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "काय व्हयनं?" नवऱ्याने सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग ताट खाली ठेवून म्हणाल्या, "आनि इतला दिन तुम्ही गप्प बठनात? त्या बिचाराले आपला हात खराब शे आसं वाटू दिधं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते वही घेऊन खांडबाऱ्याला गेले. दानियल ओट्यावर बसले होते. हेमकांतनी नमस्कारही केला नाही.

"दानियल, तुन्हा हात नही व्हता तो. आकडा मन्हा चुकना."

त्यांनी पेन्सिलीचं पान पुढे केलं. दानियलनी ते वाचलं, तक्ता वाचला, आणि एकदम मोठ्याने हसले. "काट्यावर बसून बसून चंद्राचीही कटती केलीस होय!" मग हसणं थांबलं. "हे कधी कळलं तुला?"

"त्याच सांजले."

रिबेकाबाई चहा घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या.

"आकडा चुकतो माणसाचा," दानियल म्हणाले. "मी पण एकदा डबे चुकीच्या रुळावर घातले होते. त्याचं काही नाही. पण चोवीस दिवस मी सकाळी उठून आधी या हाताकडं बघतोय, हेमभाऊ. बायकोनं कप दिला तर डाव्या हातानं घेतोय. आणि तू तिकडं पान दाबून बसलास."

हेमकांतनी पेन्सिलीचं पान परत वहीत ठेवलं.

"बाकीचे चंद्र?" दानियलनी विचारलं.

"आजून चार चुकेल शेत." हेमकांतनी तक्त्यातल्या त्या चारही आकड्यांवर बोट ठेवलं.

"वही इथं ठेव. आता मी तपासणार."

हेमकांतनी वही ठेवली. परत निघाले तेव्हा दानियल उठून दारापर्यंत आले नाहीत. रिबेकाबाई आल्या.

रविवारी दुपारी रिबेकाबाईंचाच फोन आला. दानियल पेटीवर बसले होते. एकच गाणं वाजवलं. दोन ठिकाणी अडखळले, पण शेवटपर्यंत वाजवलं. त्या आनंदाने सांगत होत्या. हेमकांतनी "चांगलं झालं" म्हटलं आणि फोन ठेवला. ते दोनदा अडखळणं आजाराचं होतं की इतके दिवस पेटी बंद राहिल्याचं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.