फुमिएच्या हातांचं बोलणं

इमाबारीच्या बंदरामागे जी गल्ली आहे, तिथलं केस कापायचं दुकान फुमिए कुराशिगे आणि तिचा नवरा इसामू यांचं. दोघंही जन्मापासून बहिरे. बहिऱ्यांच्या शाळेत त्या काळी हातात काहीतरी कसब असावं म्हणून मुलांना केस कापायला शिकवत. दोघं तिथेच शिकली आणि तिथेच एकमेकांना पसंत पडली.

त्या शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. ओठ हलवा, घसा खरवडून आवाज काढा, तरच माणसात याल, असं मास्तर सांगायचे. हात हलले की ‘माकडचेष्टा बंद’ म्हणायचे आणि हात मांडीखाली दाबून बसायला लावायचे. हा शब्द फुमिएने मास्तरांच्या ओठांवरून वाचला तेव्हा ती एवढीशी पोर होती. तो राग तिने पुढे कधी थंड होऊ दिला नाही. का होऊ द्यावा? तास संपला की त्याच हातांनी मुलं कधीच नसलेल्या भुताच्या गोष्टी रचायची, पुढच्या वर्षी पळून कुठे जायचं ते ठरवायची, मास्तरांच्या बायकोबद्दल धडधडीत थापा मारायची. कुठल्या झाडावरच्या माकडाला हे जमतं, ते मास्तरांनी एकदा दाखवायचं होतं.

दुकानात तर मजाच होती. गिऱ्हाईक खुर्चीत डोळे मिटून बसलं की त्याच्या डोक्यावरून आरशात नवराबायकोच्या गप्पा सुरू. हा कर्जबाजारी दिसतो, हा घरी भांडून आलाय, ह्याचं टक्कल पुढच्या वर्षी पूर्ण होणार. गिऱ्हाइकं म्हणायची, काय शांत दुकान आहे!

इसामूचा धाकटा भाऊ कुनीहिरो हाही तिथलंच गिऱ्हाईक. माणूस वाईट नव्हता. दर वर्षी नव्या तांदळाचं पोतं आणून टाकायचा. पण आयुष्यभरात भावाशी बोलायला एक खूणसुद्धा शिकला नाही. ताटाकडे बोट, म्हणजे जेव. दाराकडे बोट, म्हणजे चल. कपाळाला हात, म्हणजे बरं नाही का? एवढ्यावर सख्ख्या भावाशी साठ वर्षं काढली. त्याच्या घरात गोरो नावाचा कुत्रा आहे, त्याच्याशी तो याहून जास्त बोलतो.

शरद ऋतूत इसामू गेला. अंत्यविधीत मुख्य शोककर्ती म्हणून मान बायकोचा, म्हणजे फुमिएचा. शववाहिका निघण्याआधी जमलेल्या लोकांपुढे चार शब्द बोलायचे, तेही तिनेच. रीतच तशी आहे. पण त्या दिवशी सकाळी अंत्यविधीच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत कुनीहिरोने कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि सांगितलं, भाषण मी करतो. फुमिएची मुलगी चिनात्सु हिला ऐकू येतं; ती आईला खुणांनी सांगत होती.

“वहिनी, एवढ्या लोकांसमोर हातवारे बरे दिसत नाहीत,” कुनीहिरो म्हणाला. “तुमच्या मनातलं आम्हाला कळतंच की. आता आमच्या गोरोलाच घ्या. त्याला कुठे बोलता येतं? पण काय हवं-नको ते घरात सगळ्यांना कळतं.”

चिनात्सुचे हात थांबले. फुमिएने मात्र ओठांवर गोरोचं नाव ओळखलं होतं. उरलेलं तिने मुलीकडून वदवून घेतलं. मग तिचे हात चालू झाले, आणि चिनात्सुला ते तोंडाने सांगावं लागलं.

“गोरो गुणी आहे, भाऊजी. भूक लागली की सांगतो, पोस्टमन आला की सांगतो. पण कालच्या पोस्टमनबद्दल त्याने कधी काही सांगितलंय? उद्या नाही भुंकणार, असा शब्द दिलाय? तुमच्या मागे तुमची चुगली केलीय? मी केलीय. तुम्ही खुर्चीत बसायचात ना, तेव्हा तुमच्या डोक्यावरून. मनसोक्त.”

“आई, हे सगळं सांगू?” चिनात्सुने मध्येच विचारलं.

“सगळं.”

कुनीहिरो लालबुंद झाला. वहिनींना दुःखाने काही सुचत नाही, असं खोलीतल्या बाकीच्यांना म्हणाला आणि तेवढ्यात निघायची वेळ झाली. त्याने इसामूच्या नावाची लाकडी पाटी अदबीने उचलली आणि फुमिएच्या हातात दिली. ही पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरायची असते. एका हातात घेता येत नाही, खाली ठेवता येत नाही. झालं, फुमिएचं तोंड बंद. त्याच्या हे लक्षातही आलं नसेल, आणि संताप त्याचाच येतो.

बाहेर सगळे रांगेने उभे राहिले. कुनीहिरोने कागद उलगडला आणि वाचायला लागला. माझा दादा आयुष्यभर मुका राहिला, त्याच्या मनात काय होतं ते कोणालाच कधी कळलं नाही, पण त्याने मुकाट्याने... शेजारी उभी चिनात्सु आईसाठी हे हातांनी सांगत होती. ‘कोणालाच’पर्यंत आली तेव्हा फुमिए जागची हलली.

ती सरळ दिरासमोर गेली, वाकली आणि पाटी त्याच्यापुढे धरली. भावाचं नाव पुढे आल्यावर एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? त्याने दोन्ही हात पुढे केले. कागद पाटीखाली चुरगळला. आता त्याला वाचता येईना आणि पाटी कोणाला देताही येईना.

फुमिए लोकांकडे वळली. तिचे हात मोकळे झाले होते. चिनात्सु मोठ्याने सांगू लागली.

“माझे यजमान मुके नव्हते. भारी बडबडे होते. रात्री दिवा मालवला की वैतागायचे, अंधारात बोलता येत नाही म्हणून. गेल्या उन्हाळ्यात आजाराचं कळलं, तेव्हा ते आजच्या दिवसाबद्दलही बोलले. म्हणाले, मी नसेन, तू इथे उभी असशील, बहुतेक पाऊस असेल आणि कुनीहिरो कागद काढून मला मुका म्हणेल. पाऊस तेवढा चुकला.”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. फुमिएचे हात चालूच होते, पण चिनात्सुचा आवाज थांबला. तिने काकाकडे पाहिलं, मग आईकडे.

“हे नको ना, आई,” ती हातांनी म्हणाली.

“तुझ्या बाबांचं बोलणं आहे. त्यातलं काही गाळायचा तुला अधिकार नाही.”

चिनात्सु पुन्हा मोठ्याने सांगू लागली.

“ते म्हणाले, कुनीहिरोला सांग, तू लहानपणी माझ्या मागेमागे फिरायचास. तुला मी खूप गोष्टी सांगत होतो, हात दुखेपर्यंत. तू माझ्या हातांकडे कधी बघितलंच नाहीस.”

कुनीहिरो पाटी छातीशी धरून उभा होता. डोळे पुसायलाही त्याचा हात मोकळा नव्हता.