चहाच्या दुकानातलं लोहचुंबक

फोन अनोळखी नंबरावरून आला. दुपारी जेवून मी नुकतीच आडवी झाले होते. पलीकडून बाईचा आवाज, "मावशी, मी शबाना. अब्बा गेले…" मी ताडकन उठून विचारलं, "कुणाचे अब्बा? आणि माझा नंबर तुला दिला कुणी?" हल्ली रडून पैसे मागणारे फोन येतात, मुलानं बजावून ठेवलंय. ती रडता रडताच हसली. "अब्बा म्हणायचे, त्यांना बातमी दिलीस तर आधी पुरावा मागतील." तेव्हा माझी खात्री पटली. चिंचवडचे चहावाले रसूलभाई गेले होते. माझी इतकी नेमकी थट्टा दुसऱ्या कुणाला जमलीच नसती.

याला पाच आठवडे झाले. लिहायला बसले आहे, कारण एक वाक्य त्यांना सांगायचं राहिलं. ते चार माणसांत सांगायला हवं होतं, कारण मी त्यांचं नाव घालवलं ते चार माणसांतच.

साठीच्या दशकातली, पासष्ट-सहासष्टची गोष्ट. मी राजगुरुनगरची. लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, सातवी पास होते, आणि देवानं शहाणपण वाटलं त्या दिवशी रांगेत पहिला नंबर माझाच होता अशी माझी समजूत होती. आमचे हे कंपनीत लेथवर होते. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पार्ट कातायचे, संध्याकाळी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे घरी यायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, महाळुंग्याची शेती धाकट्या दिरांकडे सोपवून आमच्या दोन खोल्यांत राहायला आलेल्या. घरातली सगळी खाती वाटली गेली होती. उरलं होतं ते चोर पकडण्याचं खातं, ते मी घेतलं. दुधाचा थेंब नखावर धरून बघायचा, वाण्याचं माप पालथं करून वाजवायचं, कल्हईवाला जाईपर्यंत त्याच्यासमोर उकिडवं बसून राहायचं. आत्याबाई म्हणायच्या, "हिला पोलिसात द्याया पायजे व्हती. आमी उगा घरात आणली."

रसूलभाईंचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर होतं. दोन गिऱ्हाईकं आत मावायची, तिसरं रस्त्यावर. आत लाकडी खोकी, आतून चंदेरी कागद लावलेली, आणि प्रत्येकात वेगळा सुटा चहा. मी पहिल्यांदा गेले तर हा माणूस चहा द्यायचं सोडून चौकशी करायला लागला. "भाभी, दूध गाईचं का म्हशीचं? पाणी नळाचं का विहिरीचं? घरात शिफ्ट कुठली?" माझ्या डोक्यात घंटाच वाजली. नवरा घरी कधी नसतो, ह्याच्याशी ह्याला काय करायचंय? मी म्हटलं, "म्हशीचं नावपण सांगू का?" ते हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "नाव नको, भाभी. दूध सांगितलं तरी चालंल."

झालं. ह्या दुकानाची पायरी मी चढणार नाही, असं मी घरी जाहीर केलं. मग कंपनीतून येताना हेच तिथून चहाची पुडी आणायला लागले, डगल्याच्या खिशात घालून. मी ती पुडी उघडायचे ती पंचनामा केल्यासारखी. चहात काड्या का? हे दोन दाणे जास्त काळे कसे? त्यातच शेजारच्या रेडिओवर, बायकांच्या कार्यक्रमात ऐकलं की चहात लोखंडाची भुकटी मिसळतात आणि लोहचुंबक फिरवलं की पकडता येते. मी ह्यांच्या मागे लागले, कंपनीतून एक चुंबक आणा. हे म्हणाले, "अगं, बिनपासाची सुतळीसुद्धा गेटबाहेर काढता येत नाही. सापडलो तर घरी बसवतील." मी म्हटलं, "दोन दिवसांनी परत नेऊन ठेवा." नाही म्हणाले, तेव्हा मी सलग दोन दिवस आमटीत मीठ विसरले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्यात, उरलेल्या वांग्याच्या भाजीखाली, घोड्याच्या नालासारखं एक चुंबक आलं. त्यावर कंपनीचा पिवळा पट्टा होता आणि नंबर कोरलेला होता.

ते मी धुतलं, पुसलं आणि त्याच दिवशी आलेल्या पुडीतून फिरवलं. टोकांना काळ्या मिशा उभ्या राहिल्या! मला वाईट वाटलं असं खोटं लिहिणार नाही. मला इतका आनंद झाला होता की आत्याबाईंना मिठी मारायचीच काय ती बाकी राहिली होती.

रविवारी सकाळी, दुकानात गर्दी असताना, मी पुडी आणि चुंबक घेऊन पोचले. रांगेत कंपनीच्या गेटवरचे जमादारही होते, ते बघून तर मला हुरूपच आला. असा साक्षीदार शोधून मिळाला नसता. मी फळीवर पुडी ओतली, चुंबक फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा, आपण काय पितो ते! लोखंड पाजतोय हा माणूस." रसूलभाईंनी चुंबकाकडे बघितलं, मग जमादारांकडे, आणि झटकन आपला पंजा चुंबकावर ठेवला. दुसऱ्या हातानं फडकं ओढून ते त्यात गुंडाळलं आणि माझ्या पिशवीत कोंबलं. "भाभी, घरी जा. तुमचे पैसे घ्या परत." आवाज खाली, मान खाली. एवढंच बोलले. खोकं पुढे ओढून 'यात फिरवून बघा' म्हणाले नाहीत, शपथ घेतली नाही, भांडले नाहीत. मी वळून लोकांना म्हटलं, "लपवलं की नाही? खऱ्याला लपवावं लागतं का?" जमादारांनी मान डोलावली आणि चहा न घेता निघून गेले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही.

महिन्याभरात दुकान ओस पडलं. मी भाजीला जाताना मुद्दाम त्या रस्त्यानं जायचे. ते रिकाम्या फळीमागे बसलेले असायचे आणि मला बघून सलामासाठी हात कपाळाला लावायचे. निर्लज्ज, मी मनात म्हणायचे.

मग एका संध्याकाळी ह्यांनी खिशातून आत्याबाईंसाठी भाजलेले शेंगदाणे काढले, कागदाच्या शंकूत. आत्याबाईंच्या उरलेल्या तीन दातांखाली काहीतरी कचकन वाजलं. पंचनाम्याची सवय माझी… दोन दिवसांच्या बोलीवर आणलेलं चुंबक अजून फळीवरच होतं. शेंगदाण्यांवरून फिरवलं. काळ्या मिशा! आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, ह्यांच्या डगल्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "आता शेंगदाणेवालाबी चोर का गं?" मी खिसा उलटा केला. शिवणीत बोटभर बिडाची भुकटी साचलेली होती, चहाच्या भुकटीसारखी बारीक. रोजची पुडी त्याच खिशातून यायची आणि तिच्या घड्यांत ती भरायची.

चुंबक दुसऱ्या दिवशी डब्यातूनच परत गेलं. मी दुकानात गेले. वाटेत वाक्य घोकत होते, पण तोंडातून निघालं, "दूध म्हशीचं. पाणी नळाचं. पहिली शिफ्ट." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. माझी शाळा त्या दिवशी सुरू झाली. आसामचा दाणेदार माझ्या मुठीत ठेवला. "फुंकर घाला, मग वास घ्या. चहाला डोळ्यानं नाय, नाकानं बघायचं. बारदानाचा वास आला का शिळा समजायचा." भुकटी पहाटेच्या घाईला, पटकन उतरते, पण एक उकळी जास्त झाली की कडू होऊन बसते. म्हशीच्या दुधाला दाणेदारच, दुसरा चहा त्यात बुडून मरतो. निलगिरी गाईच्या दुधाला. आणि कोपऱ्यातल्या छोट्या खोक्यातला दार्जिलिंगचा, लांब वळलेल्या पानांचा: तो उकळायचा नाही, उतरवलेल्या पाण्यात झाकून ठेवायचा, दूध दाखवायचंसुद्धा नाही. रंग दिलेला चहा ओळखायचा तर गार पाण्यात टाकायचा. "लगेच लाल झाला तर खोटा. खरा चहा गार पाण्याशी बोलायला वेळ लावतो."

चाळीतल्या बायकांना मी एकेक करून दुकानात नेलं. पण 'चूक माझी होती' हे मोठ्यानं कुणापुढे म्हटलं नाही. "माल सुधारलाय आता," असं सांगायचे. बघा माझी लबाडी! रसूलभाईंनी भंगारातून एक चुंबक आणून दुकानात सुतळीला टांगलं. "ज्याला पायजे त्यानं फिरवून बघावं." तो टोमणा मलाच आहे, असं मी धरून चालले. पाकिटातला चहा घरोघर आला, खोकी सातावरून तीनावर आली, तरी ते चुंबक तिथंच होतं. एक संशय मात्र माझ्या डोक्यातून जाईना. माल स्वच्छ होता, तर माणूस गप्प का बसला? झाकलं काय? दुसरं काहीतरी असणारच. एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला मी एकदा विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "भाभी, चहा निवतोय." तेव्हा तर माझा संशय दुप्पट झाला.

शबानाच्या फोननंतर भेटायला गेले तेव्हा जैनबभाभी, त्यांची बायको, जवळ बसली. मी तिला तेच विचारलं. मेलेल्या माणसाची उलटतपासणी करणारी बाई मीच! ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नाय? त्या चुंबकावर पिवळा पट्टा व्हता की. आणि जमादार रांगेत. घरी येऊन मला बोलले, एक शब्द वाढला असता, चुंबक हातोहात फिरलं असतं, तर भाऊची नोकरी गेली असती. माझी गिऱ्हाईकं काय, फिरून येतील…"

मला पाणी दिलं कुणीतरी. निघताना भाभीनं सुतळीसकट ते चुंबक माझ्या हातात ठेवलं.

तर त्या रविवारी रांगेत असलेलं कुणी हे वाचत असेल, तर ऐका. चहा स्वच्छ होता. लोखंड आमच्या घरचं होतं. त्यांनी पंजाखाली झाकली ती माझ्या नवऱ्याची भाकरी होती.

हे जाऊन बारा वर्षं झाली. आता मी मुलाकडे, पिंपळे सौदागरला सातव्या मजल्यावर राहते, पण ह्यांचा डगला ट्रंकेत आहे. काल तो काढला. किती वेळा धुतलाय, मोजदाद नाही. सहज म्हणून खिसा उलटा केला आणि शिवणीवरून रसूलभाईंचं चुंबक फिरवलं… टोकाला दोन काळे केस उभे राहिले. मी ते पुसले नाहीत. चुंबक तसंच स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यावर टांगलंय.