सैल राहिलेले बोल्ट

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता विसरायला झाल्या, पण दसऱ्याच्या दिवशी धुळे-जळगाव रस्त्यावर झालेला तो अपघात काही मनातून जात नाही. नावं मी कोणाचीच घेणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात आणि एकमेकांच्या लग्नकार्याला जातात.

एका केळी व्यापाऱ्याच्या मुलाची परदेशी बनावटीची गाडी होती. ऑटोमॅटिक, आणि ताकद अशी की आमच्या ठाण्याची जीप तिच्याशेजारी बैलगाडी वाटावी. पारोळ्याच्या अलीकडे भर वेगात इंजिनाखालून कडकड आवाज आला, गाडीची ओढ एकदम गेली आणि मागून येणारा ट्रक तिच्यावर आदळला. मुलाचा पाय मोडला. जीव वाचला तो नशिबाने.

पंचनामा होतो न होतो तोच ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, गाडी कोणाकडे दुरुस्तीला होती ते बघा. सणाच्या आधी त्या मिस्त्रीचं आणि पोराचं जोरात वाजलं होतं. 'या घाईनेच मरशील एक दिवस,' असं मिस्त्री सगळ्यांदेखत बोलला." फोन करणाऱ्याने हीच बातमी मुलाच्या वडिलांनाही पोचवली असावी. ते तरातरा ठाण्यात आले आणि खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल करा म्हणून अडून बसले. पोटचा पोर दवाखान्यात पडलेला. त्यांचा तरी काय दोष?

पंचनाम्यात इंजिनाखालचे बोल्ट सैल सापडले होते, म्हणून मिस्त्रीला चौकशीला बोलावलं. पन्नाशीचा, अंगाने काटक माणूस. मी विचारलं, "बोल्ट तुम्हीच बसवले?"

"हो साहेब."

"आवळले होते?"

"नाही."

"का नाही?"

इथे तो गप्प झाला. चहा मागवला, दम दिला, समजावलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर. "माझ्या हातून झालं. काय लिहायचं ते लिहा."

खोटं बोलणारे मी खोऱ्याने पाहिलेत. त्यांना एक कारण विचारलं तर ते चार देतात. हा गडी एकही देत नव्हता. या कलमात किती वर्षं आत जावं लागतं ते मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याचे ओठ कोरडे पडले, पण तोंड उघडलं नाही. मला त्याचा राग आला आणि खरं सांगायचं तर काळजीही वाटायला लागली.

मग मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली. त्यांनी मला समजावलं ते असं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक पातळ चकती असते, तिला फ्लेक्सप्लेट म्हणतात. इंजिनाची सगळी ताकद तिच्यातून पुढे जाते. चकती पातळ म्हणून तिचे बोल्ट आखूड लागतात. लांब घातले तर टोक आत टेकतं, बोल्ट घट्ट वाटतो आणि चकती सैलच राहते. अशा तगड्या गाडीला पोलादही वरच्या प्रतीचं हवं. आट्यांना पकड धरणारा द्रव लावायचा आणि मग ठरलेल्या जोराला 'टक्' वाजणाऱ्या टॉर्क पान्याने ते आवळायचे.

"आणि इथे?" मी विचारलं.

"बोल्ट अव्वल नंबर. नवे, नेमक्या मापाचे. पण नुसते बोटांनी फिरवून ठेवलेले. द्रवाचा थेंब नाही."

तिथे माझं डोकं चालायला लागलं. ज्याला घात करायचाय तो एवढे निवडून बोल्ट कशाला आणेल? हलके टाकले असते तर दोष बोल्टांवर गेला असता आणि हा नामानिराळा राहिला असता. म्हणजे काम बिघडवलेलं नव्हतं, अर्धवट होतं. मग अर्धवट गाडी गॅरेजबाहेर आली कशी?

गॅरेजवर गेलो. जॅकवर चढवलेल्या एका गाडीच्या स्टिअरिंगला लाल फडकं बांधलेलं होतं. तिथल्या कारागिराला विचारलं तर म्हणाला, "मिस्त्रीशेठचा नियम आहे साहेब. फडकं म्हणजे काम बाकी. शेठ स्वतः सोडत नाहीत तोवर गाडी हलत नाही."

"त्या गाडीलाही होतं?"

"बांधताना मी पाहिलं ना. खंडेनवमी होती. पाने, हत्यारं सगळी पूजेला मांडली, टॉर्क पानासुद्धा. दसऱ्याची पूजा होईपर्यंत आम्ही हत्याराला हात लावत नाही. बोल्ट नंतर आवळायचे होते. दसऱ्याला आम्हाला सुट्टी होती, पुढचं ठाऊक नाही."

पंचनाम्याच्या फोटोत मात्र अपघातातल्या गाडीच्या स्टिअरिंगला झेंडूची माळ होती.

मागे खाटेवर मिस्त्रीचे वडील बसले होते. ट्रॅक्टर आणि जुन्या जीपगाड्यांचे जाणकार, थकल्यावर काम सोडलेले. फडक्याचा नियम मुलाने नंतर आणलेला. मी सहज विचारलं, "आबा, दसऱ्याला गाड्यांची पूजा कोण करतं?"

म्हातारा खुलून अहिराणीत बोलू लागला. "मीच! बठ्ठ्या गाड्या पुसी काढ्या, हार घाला. मळकी चिंधी व्हती स्टेरिंगले, ती सोडीसन धुई टाकी. सणना दिवस, चांगलं दिसस का ते?"

मग व्यापाऱ्याचा पोरगा आला, 'आबा, गाडी नेतो' म्हणाला आणि यांनी आतूनच 'सांभाळीसन जाय' म्हटलं, हेही त्यांनी सांगितलं.  त्या चिंधीचा अर्थ त्यांना न सांगता मी निघालो.

ठाण्यात मिस्त्रीला एवढंच म्हटलं, "माळ कोणी घातली ते मला कळलंय." तो माणूस टेबलावर डोकं ठेवून रडला. "साहेब, मला आत टाका, पण त्यांना सांगू नका. हा घोर घेऊन म्हातारा जगायचा नाही."

मी पेचात पडलो. जबाब घेतल्याशिवाय खरं कागदावर येणार नव्हतं, आणि घ्यावा तर म्हातारा खचणार. तो पेच आबांनीच सोडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत ते ठाण्यात हजर. मुलासमोरच मला म्हणाले, "लिखा साहेब. चिंधी मी सोडी."

मिस्त्री उठून उभा राहिला. "आबा, तुम्हले कोन्ही सांगं?"

"कोन्हीच नही. साहेबनी पूजानं इचारं, नि तू बोलत नही, तव्हयच माले समजनं. धाकला व्हता तव्हयबी, बापनी चूक ऱ्हायनी का तू असाच गप बसे."

आमचा अंमलदार खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मीही कागद सारखे करत बसलो.

पुढे व्यापाऱ्याच्या मुलानेही दवाखान्यात जबाब दिला की गॅरेजात खिळ्यावर टांगलेली चावी आपण मिस्त्रीला न विचारता घेतली. घाताचा आरोप गळून पडला. त्याचे वडील आबांना भेटायला गेले, असं मला नंतर कळलं.

कोणी गप्प बसलं की आम्ही पोलीस टेबलावर हात आपटून विचारतो, "कोणाला वाचवतोयस?" त्या दिवसानंतर हाच प्रश्न मी हळू आवाजात, समोर खुर्ची ओढून विचारू लागलो. बहुतेक वेळा उत्तरात घरच्याच कोणाचं तरी नाव येतं.