सहा रूपांचा पाढा

करुणाच्या कानाला हेडसेट, समोर मॉनिटर, आणि मी काचेच्या बाहेर. टेस्ट तिची, घाम मला.

भिवंडीतल्या त्या गोडाऊनमधून स्पेनला तयार कपडे जायचे. तिथल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला कंपनीने वरच्या मजल्यावर छोटं डेस्क काढलं होतं. मी स्पॅनिशची ट्रेनर. बॅच सहा जणांची, सगळी गोडाऊनमधलीच माणसं, आणि भरायची जागा एकच. ती करुणा शेलारला मिळावी, असं मला वाटायचं. आठ वर्षं खाली पॅकिंगला उभी राहून तिची कंबर गेली होती. खोके उचलायचे नाहीत, असं डॉक्टरने बजावलं होतं. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "मॅडम, पगार हाय तोच राहू दे. मना फकस्त बसायचं काम पायजे."

आता माझा पराक्रम ऐका.

भूतकाळ शिकवायचा होता. 'कोम्प्रार' म्हणजे विकत घेणं. नियमित क्रियापद, म्हणजे सरळमार्गी. एक आलं की त्याच्यासारखी शेकडो येतात. शेवटचं 'आर' काढायचं आणि शेपूट लावायचं. मी घेतलं, कोम्प्रे. तू घेतलंस, कोम्प्रास्ते. त्याने घेतलं, कोम्प्रो. आम्ही घेतलं, कोम्प्रामोस. तुम्ही सगळ्यांनी, कोम्प्रास्तेइस. त्यांनी, कोम्प्रारोन. मराठीत साडी घेतली, शर्ट घेतला. आपलं शेपूट वस्तूकडे बघतं. स्पॅनिशमध्ये वस्तूला कुणी विचारत नाही, सगळं घेणाऱ्यावर. इथेच बॅच अडायची. दोन आठवडे मी डोकं फोडलं. शेवटी वैतागून ओरडले, "अरे, शाळेत पाढे म्हणायचात ना? तसं म्हणा की!"

म्हणाले. अगदी चालीत. खाली खोक्यांना टेप मारतानाही तेच. करुणा सगळ्यांत फास्ट, एका दमात सहाही रूपं. डेस्कचे साहेब एकदा दारात उभे राहून ऐकून गेले. "वा मॅडम, कमाल आहे!" झालं, मी फुगले. पुढचे तीन आठवडे नुसता पाढाच घोटून घेतला.

तर ती टेस्ट. साहेब शेजारच्या केबिनमधून गिऱ्हाईक होऊन बोलत होते. शर्टाची शिवण उसवलीय, अशी तक्रार. करुणाने विचारायचं होतं, तुम्ही शर्ट कधी घेतलात? स्पॅनिशमध्ये समोरच्या माणसाला अहोजाहो करायचं तर 'त्याने'चंच रूप लागतं, कोम्प्रो. मी तिचे ओठ बघत होते. ते हलायला लागले, पण आवाज नाही. कोम्प्रे... कोम्प्रास्ते... मग आवाज आला, "कुआंदो लो कोम्प्रो?" बिनचूक!

पण केवढ्या उशिराने! सात सक किती विचारलं की काही जण सात एके सातपासून निघतात. तशी ती दरवेळी वरून निघत होती. फोनवरच्या अशा शांततेला आमच्याकडे डेड एअर म्हणतात. गिऱ्हाइकाला वाटतं फोन कट झाला. डेड एअर वाढली की कॉल नापास, मग उत्तर कितीही बरोबर असो.

मग गिऱ्हाईक म्हणालं, माझ्या बायकोनेही एक घेतलाय. आता विचारायचं, दोघांनी एकाच दिवशी घेतलेत का? इथेही अहोजाहो, म्हणून 'त्यांनी'चं रूप, कोम्प्रारोन. सहावं रूप. अख्खा पाढा! मी काचेवर हात टेकून मनात ओरडत होते, अगं बोल, बोल की बाई! ती बोलली. घाबरून, मोठ्याने, कोम्प्रेपासून कोम्प्रारोनपर्यंत, चालीत. केबिनमध्ये कुणीतरी हसलं.

मी तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, तिचं एकही रूप चुकलं नाही."

"मॅडम, कस्टमर पाढे ऐकायला फोन करत नाही."

"चूक माझी आहे. मीच तसं शिकवलं. पंधरा दिवस द्या, मी मोडते तिची सवय."

"तुमची आहे, मान्य. पण डेस्क सोमवारी लाइव्ह जातंय. पंधरा दिवस आणू कुठून?"

जागा बॅचबाहेरच्या, पुण्याहून आलेल्या, आधीच स्पॅनिश बोलणाऱ्या एका मुलीला गेली. करुणा बाहेर आली आणि मलाच समजवायला लागली. "तुम्ही बराबर शिकवलंत, मॅडम. माझंच डोकं चालत न्हाय." मी म्हटलं, "तुझं नाही गं, माझं चाललं नाही." तिला ते काही केल्या पटेना. मॅडम कशा चुकतील? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी कमरेला पट्टा बांधून ती पुन्हा पॅकिंगला उभी होती. दिवाळीआधी तिला काम सोडावं लागलं. आता उठायलाही भिंतीचा आधार लागतो, असं तिच्या लाइनवरच्या बायका सांगतात. मी अजून तिच्या घरी गेलेले नाही. तोंडच नाही मला.

पाठ असणं वेगळं आणि वेळेला तोंडात येणं वेगळं. हे कळायला खरंतर ट्रेनर असावं लागत नाही. आता मी वर्गात घोकंपट्टी चालू देत नाही. कुणालाही मधूनच उठवते. काल काय घेतलंस? भावाने काय घेतलं? शेजाऱ्यांनी? सुरुवातीला सगळे अडखळतात, मग सुटतात. परवाची अख्खी बॅच पास झाली. साहेब खूश. म्हणाले, "मॅडम, ही पद्धत कुठे शिकलात?"

"इथेच," मी म्हटलं. "खाली पॅकिंगला एक बाई होती ना सर, तिची कंबर घालवून."